सिगारीला पांढरे केस येतात तेव्हा

आमच्या हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये मी परफ्यूमच्या दुकानात कामाला आहे, असं बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं. संध्याकाळी घरी आले की माझ्या साडीला देवदाराच्या लाकडाचा, जुन्या चामड्याचा आणि किंचित मधाचा वास यायचा. शेजारणी विचारायच्या, "कुठलं सेंट गं हे?" मी म्हणायचे, "इम्पोर्टेड आहे." त्यात खोटं काही नव्हतं. सासूबाईंना तेवढं खरं माहीत होतं. देवघराकडे जाण्याआधी त्या मला आंघोळ करायला लावायच्या. पगाराच्या दिवशी मात्र हा नियम त्यांच्या लक्षात राहायचा नाही.

मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये लछूसेठच्या दुकानात सिगारी सांभाळत होते. विकायचं काम सेठचं आणि ओढायचं काम गिऱ्हाइकाचं. मधली जितकी वर्षं सिगार नुसती पडून असायची, ती माझ्याकडे. मी स्वतः एकही ओढलेली नाही. लोकांना याचं फार आश्चर्य वाटतं, पण बाळंतिणींच्या डॉक्टरला कोणी विचारत नाही की तुम्ही स्वतः किती वेळा बाळंत झालात.

दुकानाच्या पुढच्या भागात लायटर, चॉकलेटं, अत्तरं. मागे काचेचं दार आणि त्यापलीकडे देवदाराच्या फळ्यांनी मढवलेली एक खोली. तीच माझी. सिगार म्हणजे नुसती गुंडाळलेली तंबाखूची पानं. कागद नाही, फिल्टर नाही. पान मेलेलं असलं तरी त्याला हवा लागते आणि ओल लागते. ओल कमी झाली तर ते पापडासारखं तडकतं आणि जास्त झाली तर बुरशी धरतं. हवेतली ओल दाखवणारा काटा सत्तरच्या आसपास राहील असं बघायचं, एवढीच माझी नोकरी. हे काम जगात कुठेही करता येईल, पण ते उल्हासनगरात करायचं म्हणजे गंमत आहे. उन्हाळ्यात मी खोलीत पाण्याची भांडी ठेवायचे आणि पावसाळ्यात त्याच खोलीतून मशीन लावून बादलीबादलीने पाणी बाहेर काढायचे. आणि लाइट गेली की सेठ आधी जनरेटर माझ्या खोलीचा सुरू करायचा, मग गल्ल्यावरचा पंखा.

सेठ मला 'अदी' म्हणायचा. सिंधीत अदी म्हणजे थोरली बहीण. तो माझ्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी मोठा होता, पण ज्या बाईकडे खोलीची किल्ली आहे तिला धाकटी कसं म्हणायचं?

आता मूळ गोष्टीसाठी तुम्हाला एक सांगायला हवं. सिगार नीट सांभाळली, हलवली नाही, घाई केली नाही, तर काही वर्षांनी तिच्या अंगावर पांढुरकी पूड येते. पानातलं तेल हळूहळू वर झिरपतं आणि पृष्ठभागावर वाळतं, म्हणून ती येते असं सांगतात. धंद्यात तिला ब्लूम म्हणतात. कोहळा तुम्ही पाहिला असेल. त्याच्यावर जशी राखेसारखी पांढरी भुकटी असते, बोट फिरवलं की पुसली जाते आणि खालून हिरवा रंग दिसतो, अगदी तसं. द्राक्षावरही असते. लछूसेठ गिऱ्हाइकाला म्हणायचा, "साईं, ये सिगार के सफेद बाल हैं. बुजुर्ग है. इज्जत से पकडो."

अडचण अशी की बुरशीही पांढरीच असते. फरक ओळखणं हाच माझ्या कामातला खरा भाग. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते, ती लवेसारखी उभी राहते, मागाहून हिरवट होते, पुसली तरी डाग ठेवते, आणि तिला ओल्या गोणपाटाचा वास येतो. ब्लूम सगळ्या अंगावर सारखी पसरते, उजेडात धरली तर बारीक चमकते, कोरड्या ब्रशने झटकली की मागे काही उरत नाही. ही ओळख मी भिंग घेऊन शिकले. अलीकडे काही शहाणे लोक म्हणतात की ब्लूम वगैरे काही नसतंच, लोक ज्याला ब्लूम म्हणतात ती सगळी बुरशीच. या लोकांशी मी वाद घालत नाही. ज्या गोष्टीवर आपलं घर चाललं ती नव्हतीच, असं कुणी सांगितलं तर माणूस काय वाद घालणार?

गुप्तेसाहेब हे माझ्या खोलीतले सर्वांत जुने गिऱ्हाईक. अंबरनाथला रंगाच्या एका कारखान्यात ते केमिस्ट म्हणून लागले आणि पुढे प्लांटचे प्रमुख झाले. ती बढती मिळाली त्या आठवड्यात ते आमच्याकडे आले आणि पंचवीस सिगारींची एक लाकडी पेटी विकत घेऊन माझ्याच खोलीतल्या एका कप्प्यात ठेवून गेले. घरी चालत नाही म्हणाले. असे कप्पे आम्ही गिऱ्हाइकांना देत असू, कारण घरी न चालणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ यायची.

"कधी ओढणार, साहेब?" मी विचारलं होतं.

"मुलगा इंजिनिअर झाला की."

मुलगा इंजिनिअर झाला. तेव्हा म्हणाले, त्याचं लग्न झालं की. लग्न झालं. मग म्हणाले, रिटायर झालो की. मुलगा सिंगापूरला गेला, साहेब रिटायर झाले, आणि पेटी तशीच. दर शुक्रवारी, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, ते यायचे. ती सवय रिटायर झाल्यावरही मोडली नाही. स्टुलावर बसायचे. पेटी उघडायची, चष्मा कपाळावर चढवून एकेक सिगार उजेडात बघायची, वास घ्यायचा आणि पेटी बंद करायची. अर्धा तास. बोलणं फार नाही. त्या पेटीवर अशी ब्लूम धरली होती की तशी मी दुसऱ्या कुठल्याही पेटीवर पाहिली नाही. पिठीसाखर चाळणीने भुरभुरवावी तशी. दुसऱ्या गिऱ्हाइकांना मी ती काचेतून दाखवायचे. आपल्या मुलाचे मार्क सांगावेत तसं वाटायचं.

मग गुप्तेसाहेब यायचे बंद झाले. एक शुक्रवार गेला, मग महिने गेले, वर्ष गेलं. फोन लागायचा, पण उचलणारी बाई "कोण?" विचारायची आणि मी दुकानाचं नाव सांगितलं की "राँग नंबर" म्हणायची. तिची तरी काय चूक? तिला या दुकानाबद्दल काही माहीतच नव्हतं.

याच सुमाराला बाळारामशेठ आले.

बाळारामशेठ बेलवलीचे. बापजाद्यांची भातशेती, ती आता बिल्डिंगांखाली. गळ्यात जाड साखळी, अंगात पांढराशुभ्र शर्ट, आणि बोलणं मात्र जुन्या गावातलं, जसंच्या तसं. त्यांच्या मुलीची हळद होती. हळद म्हणजे त्यांच्यात लग्नाहून मोठी. मांडव, डीजे, हजार माणूस. आलेल्या खास पाहुण्यांना सिगारी द्यायच्या, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

"नवीन नको," ते म्हणाले. "नवीन तं सगलेच देतान. मना जुनी पायजे. पावडरवाली."

सेठने त्यांना बऱ्या बऱ्या पेट्या दाखवल्या. त्या ते बघत होते, पण नजर काचेपलीकडे गुप्तेसाहेबांच्या कप्प्यावर.

"ती पायजे."

"ती विकायची नाही," मी म्हटलं. "दुसऱ्यांची ठेव आहे."

"ते कुठं हायेत?"

हे मला सांगता येईना. सेठने माझ्याकडे बघितलं. बाळारामशेठ म्हणजे मोठं गिऱ्हाईक. सेठ हळूच म्हणाला, "अदी, आदमी है भी या नहीं, देख तो लो. नहीं है तो पेटी बेचारी क्या करेगी?"

म्हणून मी अंबरनाथला गेले. सेठच्या जवळ पत्ता होता. शिवमंदिराकडच्या बाजूला, जुनी तीन मजली इमारत, वरचा मजला. दार गुप्तेकाकूंनी उघडलं. नीटनेटकी बाई, केस घट्ट बांधलेले, हाताला पिठाचा वास.

"मी उल्हासनगरहून आले," मी म्हटलं. "गुप्तेसाहेब आहेत का?"

"आहेत. झोपलेत. आपण?"

मी वाटेत काय बोलायचं ते ठरवून आले होते. तरी तोंडातून निघालं ते असं: "त्यांची एक वस्तू माझ्याकडे आहे. बरीच वर्षं."

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी तेव्हा पन्नाशीच्या पुढची, खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. पण त्या क्षणी त्यांच्या नजरेत मी काय होते ते मला कळलं, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी त्या लायकीचं समजलं होतं.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"वीसच्या वर होतील."

"आणि हे तिकडे यायचे?"

"दर शुक्रवारी."

"शुक्रवारी," काकू म्हणाल्या आणि दाराला टेकल्या. "मला सांगायचे, लायब्ररीत जातो."

माझ्या उत्तरांनी त्यांचा संशय पक्का होत चाललाय हे मला तेव्हा उमगलं. मी घाईघाईने म्हटलं, "काकू, सिगार! सिगारींची पेटी आहे. ते नुसते येऊन बघायचे. ओढायचेसुद्धा नाहीत."

काकू दारापासून सरळ झाल्या. मग म्हणाल्या, "नुसते बघायचे?"

"हो. आणि वास घ्यायचे."

माझी कल्पना होती की त्यांना हायसं वाटेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर हायसं काही दिसेना. दुसरी बाई असती तर निदान कारण तरी समजलं असतं, असं काहीसं वाटलं असावं. त्यांनी मला आत घेतलं.

गुप्तेसाहेब जागेच होते. आमचं बोलणं त्यांनी सगळं ऐकलं होतं. हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, अंगातलं मांस उतरलं होतं, पण डोळे तेच. मला बघून हसले. काकूंकडे बघायचं त्यांनी टाळलं. बाळारामशेठचं मी त्यांना सांगितलं.

"विकायची नाही," ते म्हणाले. "इकडे आणून द्या. घरी."

"घरी?" काकू म्हणाल्या.

"आता लपवायचं काय राहिलं?"

पुढच्या खेपेला मी पेटी नेऊन दिली. उन्हाळ्याचे दिवस होते. ती कशी ठेवायची, ओल किती लागते, कुठे ठेवायची नाही, हे सगळं मी साहेबांना सांगितलं. इथे माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. घर काकूंच्या ताब्यात आहे हे मला दिसत होतं, पण साहेबांची वस्तू म्हणून मी साहेबांना सांगितलं. जगात सगळीकडे असंच सांगतात.

बाळारामशेठ मात्र सोडायला तयार नव्हते. हळद जवळ आली. "मी सोता जाऊन विचारतो," ते म्हणाले. "म्हातारा मानूस नाय बोलनार नाय." त्यांनी मला गाडीत घातलं. एवढ्या मोठ्या गाडीत मी कधी बसले नव्हते. गाडीत सुगंधी पुड्या टांगलेल्या होत्या, आणि वीस वर्षं मी जे सांभाळलं ते विकत घ्यायला निघालेला माणूस मला एसीचं भोक माझ्याकडे फिरवून देत होता.

घरी दार उघडं. आतून गुप्तेसाहेबांचा आवाज आला, "वर गच्चीवर जा. मला काही बोलायचं नाही."

आम्ही जिना चढून वर गेलो.

गच्चीवर कडक ऊन. एका जुन्या धुवट साडीवर वाळवण घातलेलं. एका बाजूला कुरडया, एका बाजूला पोह्याचे पापड, आणि मधोमध, अगदी सरळ ओळीत मांडलेल्या, गुप्तेसाहेबांच्या पंचवीस सिगारी. स्वच्छ. तपकिरी. लख्ख.

काकू कडेला सावलीत बसून कावळे हाकत होत्या.

"आलात?" त्या मला म्हणाल्या. "अहो, केवढी बुरशी धरली होती! सगळ्या पांढऱ्या. तुमच्या दुकानात कोणी बघतं की नाही? मी एकेक ओल्या फडक्याने पुसून घेतली. आता दोन दिवस उन्हात राहिल्या की बघा."

मी खाली बसले. उन्हामुळे नाही. पानांचे बाहेरचे थर तडकायला लागले होते. एका सिगारीवर उभी चीर गेलेली मला तिथूनच दिसत होती. काकूंचा दोष म्हणावा तर काय? अंबरनाथच्या हवेत त्या बाईने चाळीस वर्षं बुरशीशी झुंज दिली होती. लोणच्यावर, पापडावर, चामड्याच्या पट्ट्यावर, मुलाच्या सर्टिफिकिटांवर. पांढरं दिसलं की पुसायचं आणि उन्हात टाकायचं. हेच काम मीही करायचे, फक्त मला त्याचे पैसे मिळायचे.

"काकू, ती बुरशी नव्हती," मी म्हटलं.

"मग काय होतं?"

मी सांगायला लागले. पानातलं तेल, कोहळ्यावरची भुकटी, वय. सांगताना माझं मलाच ते पटेनासं झालं. काकू ऐकत होत्या आणि त्यांच्या तोंडावर जो भाव होता तो मी ओळखत होते. माझ्या सासूबाईंच्या तोंडावर तोच असायचा.

बाळारामशेठ मधेच हसायला लागले. मोठ्याने. "आमच्या आयशीनंपन हेच केला असता," ते म्हणाले. "बघून घ्या, हेच!"

तोपर्यंत गुप्तेसाहेब कठडा धरत धरत जिना चढून वर आले होते. काकूंनी उठून त्यांना खुर्ची दिली आणि रागावूनही घेतलं. ते बसले. साडीवरच्या सिगारींकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग बघायचं थांबवलं.

"ही मॅडम बोलतं, तुमी मोठ्या कंपनीत होताव," बाळारामशेठ बोलायचं म्हणून बोलले. "कुठल्या?"

साहेबांनी नाव सांगितलं. बाळारामशेठांचं हसणं थांबलं.

"नाल्याच्या वरची?"

"हो."

"आमचे मामाचा शेत त्या नाल्याच्या कडेला व्हता," ते म्हणाले. "मी लहानपनी तिकडंच वाडलो. पानी रोज येगल्या रंगाचा. आज निला, उद्या लाल. मामा बोलायचा, कंपनीत आज कुठली साडी रंगवतान ते आपल्याला आधी कलतं. एक साली भात आला तो बी लालसर. इकायला नेला तं कोन घेना."

"मग काय केलंत?" काकूंनी विचारलं.

"खाल्ला. दुसरा व्हता कुठं?"

 खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग गुप्तेसाहेब म्हणाले, "मला माहीत होतं. पाणी मीच तपासायचो. वर जाऊन बोललो होतो मी."

"मंग?"

"मग मला बढती मिळाली."

हे त्यांनी ज्या सरळ आवाजात सांगितलं, तो मला आजही आठवतो. काकूंनी मान वर केली. ही गोष्ट त्यांनाही नवी होती हे दिसत होतं. मला मात्र ती पेटी पहिल्यांदा हातात घेतली तो दिवस आठवला, आणि साहेब इतकी वर्षं ती का ओढत नव्हते याची जी कारणं त्यांनी मला वेळोवेळी दिली होती, ती एकामागून एक गळून पडली.

बाळारामशेठ उठले. मला वाटलं निघाले. पण ते साडीपाशी उकिडवे बसले, सिगारींवरून हात फिरवला आणि एक उचलली.

"ही नेतो," ते म्हणाले. "पैसे नाय देनार."

"नका देऊ," साहेब म्हणाले.

"आताच ओढतो. इथंच."

त्यांनी तिचं टोक दातांनी तोडलं. माझ्या अंगावर काटा आला. लायटर त्यांच्या खिशात होता, आमच्याच दुकानातला. उन्हाने सुकलेली सिगार तडतडली, मग पेटली. नको तेवढी भराभर पेटली. धूर गुप्तेसाहेबांच्या बाजूला जाऊ लागला तसे ते खुर्चीत थोडे पुढे सरकले. काकूंनी त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. ते परत पुढे सरकले. काकूंनी या खेपेस दंड धरला, पण ओढलं नाही.

"कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

बाळारामशेठांनी धूर सोडला. डोळ्यांत पाणी आलं होतं. "एक नंबर," ते म्हणाले.

"खोटं बोलताय."

"हां," बाळारामशेठ म्हणाले. "पेंढा जालल्यासारखी लागते."

आणि गुप्तेसाहेब हसले. काकूही हसल्या. मी मात्र हसू शकले नाही. वीस वर्षं सांभाळलेल्या पानांची चव एका दिवसाच्या उन्हात पेंढ्यासारखी झाली, यात मला विनोद दिसायला बराच काळ जावा लागला. बाळारामशेठांनी ती सिगार शेवटपर्यंत ओढली. चटका बसेपर्यंत. जिना उतरताना मी त्यांना विचारलं, अर्ध्यावर का नाही टाकलीत? ते म्हणाले, "म्हातारा बघत व्हता ना."

हळद ठरल्या दिवशी झाली. सेठने बाळारामशेठांना दुसऱ्या चांगल्या पेट्या दिल्या. पावडर पाहिजे म्हणून गिऱ्हाईक हटून बसलं होतं, म्हणून त्याने मी घरी गेल्यावर स्वतःच्या हाताने प्रत्येकीवर थोडं थोडं आरारूट भुरभुरवलं. मला हे सोमवारी कळलं, तेही बाळारामशेठांकडून. ते दुकानात आले, सेठच्या समोर एक सिगार ठेवली आणि म्हणाले, "सेठ, हा आरारूट हाय. आमची बायको एकादशीला करतं." सेठने हात जोडले. बाळारामशेठ म्हणाले, जाऊ द्या, कोणाच्या लक्षात आलं नाही. पाहुण्यांनी सिगारीपेक्षा त्या पावडरीचेच फोटो जास्त काढले होते.

गुप्तेसाहेबांच्या उरलेल्या सिगारी मी गच्चीवरून त्याच दिवशी पिशवीत घालून परत आणल्या होत्या. सुकलेली सिगार परत जिवंत करता येते, पण घाई केली तर ती फुगून फुटते. आधी दाराजवळच्या कोरड्या फळीवर, मग मधल्या, मग आतल्या. उपाशी माणसाला आधी पेज, मग मऊ भात देतात तसं. पावसाळा संपेपर्यंत निम्म्या गेल्या. राहिलेल्या निम्म्या वाचल्या. पुढे काही काळ गेला. साहेबांनी त्या परत मागितल्या नाहीत आणि मीही त्या घरी पाठवायचं धाडस केलं नाही. लछूसेठ थकला, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसायला लागला, आणि मुलाच्या डोक्यात ही मागची खोली काढून तिथे ड्रायफ्रूट ठेवायचं होतं. माझ्या नोकरीचे ते शेवटचे महिने.

त्या दिवसांत एका सकाळी मी पेटी उघडली आणि वाचलेल्यांतल्या तीन सिगारींवर पांढुरकं काहीतरी दिसलं. अगदी फिकट. फुंकर मारली तर जाईल इतकं. मी त्यांना खिडकीशी नेलं, भिंग लावलं, आणि कितीही बघितलं तरी मला ठरवता येईना. एवढी वर्षं डोळे मिटून सांगणारी मी.

मी अंबरनाथला फोन केला. काकूंनी उचलला, आणि या वेळी राँग नंबर म्हणाल्या नाहीत. शुक्रवारी दोघं रिक्षाने आले. काकूंनी ही खोली पहिल्यांदाच पाहिली. फळ्यांवरून हात फिरवला, वास घेतला, एवढ्याशा जागेत एसी कशाला म्हणाल्या, आणि मग आपल्या नवऱ्याचं स्टूल बघून ते त्याच्याकडे सरकवलं. स्वतः माझ्या खुर्चीवर बसल्या.

साहेबांनी पेटी उघडली. चष्मा कपाळावर चढवला. एक सिगार उजेडात धरली. काकू त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"बुरशी," काकू म्हणाल्या.

"काकू, ठिपके नाहीत बघा," मी म्हटलं. "सारखी पसरली आहे. वासही नाही."

"मी सांगते ना. बुरशी."

मी साहेबांना म्हटलं, "तुम्ही केमिस्ट. तुम्ही सांगा. तुम्ही कधी कारखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघितली असेल की."

"बघितली होती," ते म्हणाले. "पहिल्यांदा धरली त्याच वर्षी. थोडी खरवडून नेली होती कागदाच्या पुडीत."

इतक्या वर्षांत ते हे मला बोलले नव्हते. "मग? काय होतं?"

त्यांनी सिगार फिरवून फिरवून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे, जी हाताची घडी घालून उत्तराची वाट बघत होती, आणि जिचा हात मघा रिक्षातून उतरताना त्यांनी धरला होता.

"बुरशी," ते म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की तो विजय त्यांनी आजवर पुसलेल्या सगळ्या बरण्यांचा होता. पर्समधून रुमाल काढला, सिगार नवऱ्याच्या हातातून घेतली आणि हळूच, कोरड्याच रुमालाने, एकदा पुसली. मागे डाग राहिला नाही.

मी तो डाग नसलेला भाग चांगला पाहिला. साहेबांनीही पाहिला. ते उत्तर केमिस्टने दिलं होतं की नवऱ्याने, हे मला रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ठरवता आलेलं नाही.